२०१३ ची फौजदारी केस, वकील वारले, नंबर माहीत नाही. निकालाची नक्कल कशी काढायची?

चौथा_आरोपी

नमस्कार मंडळी. सरकारी नोकरीच्या निवड यादीत नाव लागलंय. आता साक्षांकन नमुना भरून द्यायचाय आणि त्यात सरळ विचारलंय की तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का, खटला चालला का, निकाल काय लागला.

झालं होतं असं. २०१३ च्या दिवाळीनंतर बांधावरून आमच्यात आणि धाकट्या चुलत्यांत भांडण झालं. मी तेव्हा १९ वर्षांचा, कॉलेजातून सुट्टीला आलेलो. आरडाओरडा ऐकून विहिरीवरून पळत आलो एवढाच माझा सहभाग. पण फिर्यादीत चौघांची नावं आली : थोरले काका, वडील, भाऊ आणि मी. जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ३२४ (हत्याराने दुखापत), ३२३ (मारहाण), ५०४ (चिथावणीसाठी अपमान), ५०६ (धमकी), ३४ (सगळ्यांचा समान इरादा). तीन-चार वर्षं तारखा पडल्या, मी परीक्षेमुळे कित्येकदा गैरहजेरीमाफीचे अर्ज दिले. मग एक दिवस वडील म्हणाले, "मिटलं, तडजोड झाली." मी कागद मागितला नाही, कुणी दिलाही नाही.

आमचे वकील २०२० साली वारले. त्यांच्या घरी विचारलं, फाइल सापडत नाही. ई-कोर्ट्सच्या साइटवर तालुक्याचं कोर्ट निवडून माझं नाव आणि २०१३ साल टाकलं, काहीच आलं नाही. कोर्टाच्या आवारात एक गृहस्थ भेटले, ते म्हणाले पाच हजार द्या, आठ दिवसांत कागद हातात.

केस शोधायची कशी? नक्कल कुणाकडे मागायची, वकील लागतोच का? आणि तोवर फॉर्मवर "तडजोड झाली" असं लिहून मोकळा होऊ का? १५ दिवस आहेत हातात.

झटपट_माहिती

सोप्पं आहे. माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, १० रुपयांचं तिकीट लावा. ३० दिवसांत द्यावंच लागतं त्यांना.

नक्कल_खिडकी

वरचा सल्ला ऐकू नका. का ते कुणी वकील सांगेल, मी माझ्या कामाचं सांगतो. फौजदारी कोर्टात २३ वर्षं काढली, त्यातली ९ नक्कल विभागात. आता निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

कोर्टात तुमची केस तुमच्या नावाने ठेवलेली नसते, नंबराने ठेवलेली असते. "साहेब, ती बांधाची केस, आम्ही चौघं, जज बाई होत्या" असं सांगणारी माणसं खिडकीवर रोज यायची. सगळं खरं असायचं आणि आतल्या कारकुनाला त्यातलं काहीही कामाचं नसायचं. त्याला लागतो आर.सी.सी. नंबर, म्हणजे कोर्टात फौजदारी खटल्याला पडणारा नोंदणी क्रमांक, आणि साल. बाकीची कहाणी त्याने ऐकली तर ती त्याची माणुसकी.

आता तुमचं कुठे चुकलं ते बघा. गुन्हा दिवाळीनंतरचा, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर २०१३. पोलीस तपास करणार, दोषारोपपत्र तयार करणार, मग ते कोर्टात येणार आणि तिथे नोंद झाली की आर.सी.सी. नंबर पडणार. तो बहुतेक २०१४ चा असणार. तुम्ही २०१३ टाकलंत, म्हणजे केस जन्मायच्या आधीच तिला शोधत होतात.

दुसरं, तुम्ही स्वतःचं नाव टाकलंत. खटला लागतो "महाराष्ट्र शासन विरुद्ध" पहिला आरोपी "व इतर तीन" असा. चौथ्या आरोपीचं नाव संगणकात चढवलंच असेल असं नाही. थोरल्या काकांच्या नावाने शोधा. आणि पूर्ण नाव टाकू नका. इंग्रजी अक्षरांत "विठ्ठल" मी एकाच कोर्टात चार तऱ्हेने लिहिलेला पाहिलाय. पहिली तीन-चार अक्षरं टाका आणि "प्रलंबित"वर नाही, "निकाली"वर टिचकी मारा. लांबलचक यादी येईल. येऊ द्या, चहा घेऊन बसा आणि वाचा.

नावाने नाहीच लागलं तर एफआयआर नंबरने शोधायची सोय त्याच साइटवर आहे. पोलीस ठाणं, गु.र.नं. (पोलिसांचा गुन्हा रजिस्टर नंबर) आणि साल. इथे मात्र साल २०१३ च, कारण गुन्हा तेव्हा नोंदलाय. हा फरक डोक्यात नीट बसवा, निम्मे लोक इथेच चकतात.

गु.र.नं. कुठून आणायचा? जामीनदार शोधा. तुमच्या चौघांना कुणीतरी जामीन राहिला असेल, त्याने सातबारा लावला असेल. आरोपी कागद हरवतो, वकील फाइल हरवतो, पण जामीनदार हरवत नाही. त्याच्या जमिनीचा प्रश्न असतो. जामिनाच्या झेरॉक्सवर वर कोपऱ्यात गुन्हा नंबर असतोच. तेही नसेल तर पोलीस ठाण्याच्या कोर्ट पैरवी अंमलदाराला गाठा. कोणत्या गुन्ह्याचा कोर्टात काय नंबर पडला, काय निकाल लागला, ही नोंद ठेवणं हेच त्याचं काम. ठाण्यात जाऊन साहेबांना भेटण्यापेक्षा कोर्टाच्या व्हरांड्यात हा माणूस लवकर सापडतो.

केस सापडली की सोळा अक्षर-आकड्यांचा सी.एन.आर. नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसेल. सुरुवातीला एमएच, मग जिल्ह्याची दोन अक्षरं, कोर्टाचे दोन आकडे, सहा आकडी क्रमांक आणि शेवटी साल. लिहून घ्या, फोटोही काढा. पुढच्या वेळी नाव-गाव काही सांगायला नको. साइट जमत नसेल तर कोर्टातलं ई-सेवा केंद्र हे शोधून देतं.

साइटवर निकालपत्राची पीडीएफ दिसली तरी ती छापून फॉर्मला जोडू नका. ती वाचायला ठीक. कार्यालयाला लागते सही-शिक्क्याची नक्कल.

अर्ज कसा करायचा ते आता. छापील नमुना खिडकीवर किंवा बाहेर टंकलेखकाकडे मिळतो, नाहीतर साध्या कागदावर लिहा. कोर्टाचं नाव, आर.सी.सी. नंबर, दोन्ही बाजूंची नावं, निकालाची तारीख, कोणता कागद हवा आणि कशासाठी. वर कोर्ट फीचं तिकीट. तुम्ही स्वतः त्या केसमधले आरोपी, त्यामुळे वकील लागत नाही. ओळखपत्र दाखवा, सही करा. फक्त "संपूर्ण फाइलची नक्कल" असं लिहू नका. नकलेचे पैसे पानांवर असतात, आणि पानं वाढली की दिवसही वाढतात. तुम्हाला निकालपत्र हवंय आणि जोडीला दोषारोपपत्र. बस. रोजनामा, म्हणजे तारखेवार कामकाजाची नोंद, मागू नका, त्यात तुमच्या त्या माफीच्या अर्जांशिवाय फारसं काही निघायचं नाही. घाई आहे तर तातडीची नक्कल मागा, तिची फी जास्त असते. निवडीचं पत्र अर्जाला जोडा, म्हणजे घाई का आहे हे तोंडाने सांगावं लागत नाही.

"फाइल इथे नाही" असं उत्तर येण्याची तयारी ठेवा. निकाल लागून काही वर्षं झाली की फाइल अभिलेख कक्षात जाते, तालुक्याची फाइल जिल्ह्याच्या ठिकाणीही गेलेली असते. अशा वेळी खिडकीशी भांडू नका. एवढंच विचारा : रेकॉर्डला कोणत्या तारखेला पाठवली आणि गठ्ठा नंबर काय? ज्याला गठ्ठा हा शब्द ठाऊक आहे त्याला आतला माणूस जरा वेगळ्या नजरेने बघतो, हे अनुभवाने सांगतो. जुन्या फायली मुदत संपल्यावर नष्टही करतात, पण निकालपत्र इतर कागदांपेक्षा जास्त काळ ठेवतात. तुमचं फार जुनं नाही, मिळेल.

नक्कल हातात आली की आधी तिची पाठ बघा. मागच्या पानावर शिक्का असतो आणि त्यात तारखा : अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. खाली तयार करणाऱ्याची, ताडून बघणाऱ्याची सही आणि "खरी नक्कल". यातली एक सही राहिली तरी कागद परत येतो. मी स्वतः एकदा ताडून बघणाऱ्याच्या रकान्यात सही न करताच नक्कल दिली होती. ते म्हातारे गृहस्थ ४० किलोमीटरवरून दुसऱ्या दिवशी परत आले. एक शब्द बोलले नाहीत, नुसतं त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक नक्कल उलटी करूनच दिली.

आणि ते पाच हजारवाले. तो माणूस हाच अर्ज लिहील, तुमचीच सही घेईल आणि त्याच रांगेत उभा राहील. रांगेत तुम्ही उभे राहा.

काळा_कोट_तालुका

काकांनी माझ्यासाठी काही ठेवलंच नाही म्हणा. तरी दोन-तीन गोष्टी.

माहिती अधिकाराचं : सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये मुख्य माहिती आयुक्त विरुद्ध गुजरात उच्च न्यायालय या प्रकरणात हे स्पष्ट केलंय. न्यायालयीन कागदपत्रांच्या नकलांसाठी उच्च न्यायालयाच्या नियमांत वेगळी वाट आहे, तर त्याच वाटेने जायचं. त्यामुळे तुमचे ३० दिवस जातील आणि उत्तर येईल, "नक्कल अर्ज करा". आरोपीचा हक्क तर संहितेतच आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३६३, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ४०४.

आता महत्त्वाचं. फॉर्मवर "तडजोड" असं मुळीच लिहू नका. ३२३, ५०४, ५०६ ही कलमं पक्षकारांना मिटवता येतात. पण तुमच्यावर ३२४ होतं, आणि तुमच्या केसच्या वेळी ते मिटवण्याजोग्या गुन्ह्यांच्या यादीत नव्हतं. मग गावाकडे अशा केसेस कशा संपतात? बाहेर समेट होतो, साक्षीदार कोर्टात येऊन "मला काही माहीत नाही" म्हणतात, सरकारी वकील त्यांना फितूर ठरवून उलटतपास घेतात, आणि पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता होते. घरी त्याला तडजोड म्हणतात. निकालपत्रात तो शब्दही नसतो. तुम्ही फॉर्मवर एक लिहिलं आणि पोलीस पडताळणीत दुसरं आलं, तर खोटी माहिती दिली म्हणून नवं लचांड मागे लागेल. मूळ केसपेक्षा जड.

अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार हा २०१६ चा निकाल वाचा. गुन्हा, अटक, निर्दोष सुटका, जे विचारलंय ते खरं सांगायचंच. खरं सांगूनही नेमणूक द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार कार्यालयाकडे राहतो, हेही त्यात आहे. पण किरकोळ गुन्हा आणि उमेदवाराचं तेव्हाचं वय याकडे सहानुभूतीने बघायला जागा आहे. लपवलं की ती जागा आपणच बुजवतो.

आणखी एक. निकालाची नक्कल मिळाली की तिची झेरॉक्स पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या. कोर्टात निकाली निघालेली केस ठाण्याच्या नोंदीत "न्यायप्रविष्ट" म्हणून तशीच पडलेली मी पाहिली आहे. चारित्र्य पडताळणीचा अहवाल त्या नोंदीवरून निघतो.

ठेव_अडकली

धाग्यात घुसतोय, माफ करा. मी केसमध्ये कुणीच नाही. एका पतसंस्थेत माझी ठेव अडकलीय, संचालकांवर अपहाराचा गुन्हा दाखल आहे. मला दोषारोपपत्र बघायचंय. मिळेल का?

काळा_कोट_तालुका

तुम्ही "कुणीच नाही" असं नाही. ठेवीदार आहात, ठेवपावती अर्जाला जोडा आणि आपला संबंध काय ते लिहा. बाहेरच्या माणसालाही नक्कल मागता येते, पण त्याला कारण देऊन प्रतिज्ञापत्र करावं लागतं आणि द्यायची की नाही ते न्यायाधीश ठरवतात. खटला चालू असताना दोषारोपपत्र एफआयआरसारखं सहज मिळत नाही. एफआयआर साइटवर टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला, संवेदनशील गुन्हे वगळून. म्हणून तुमच्या केसचा एफआयआर पोलिसांच्या साइटवर बघता येईल. दोषारोपपत्राबाबत मात्र जानेवारी २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितलं की तो सार्वजनिक दस्तऐवज नाही, साइटवर टाकायची सक्ती करता येणार नाही.

बलात्कार, पोक्सो, बालगुन्हेगार, यांचे कागद कुणी "ओळखीने" काढून देतो म्हणाला तर लांब राहा. पीडितेची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे.

नक्कल_खिडकी

यात माझी एक भर. "चॅप्टर केस"चे कागद मागायला लोक कोर्टात येतात. ती शांतता राखण्याची कारवाई, ती कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे चालते. म्हणजे गावाकडे तहसील कार्यालय. कोर्टात शंभर वर्षं शोधलंत तरी सापडणार नाही. तसंच अदखलपात्र नोंद, ज्याला एन.सी. म्हणतात, ती पोलिसांच्या वहीतच राहते. कोर्टाने तपासाचा हुकूम दिला नसेल तर इथे तिचा माग नसतो.

चौथा_आरोपी

काका, वकीलसाहेब, दोघांनाही दंडवत.

जामीनदार म्हणजे माझे मामा. तुमचं वाचून त्यांना फोन केला तर म्हणाले, "पेटीत आहे, ये." पत्र्याच्या पेटीत सातबाऱ्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत जामिनाची झेरॉक्स. गुन्हा नंबर अगदी कोपऱ्यात, पेनाने. एफआयआरच्या सोयीने साल २०१३ टाकून शोधलं आणि केस समोर आली. आर.सी.सी. २०१४ चीच. फेब्रुवारीतली.

अर्ज स्वतः केला. फाइल जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात होती. मी गठ्ठा नंबर विचारला. बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "कोर्टात कामाला आहात का?" सातव्या दिवशी नक्कल मिळाली. पाठ बघितली, सगळ्या सह्या आहेत.

९ पानांचं निकालपत्र आहे. वकीलसाहेबांनी लिहिलं तस्सं. फिर्यादी म्हणजे आमचे धाकटे चुलते, साक्षीला उभे राहून म्हणाले की अंधार होता, कुणी मारलं दिसलं नाही. पंच म्हणाले, सह्या ठाण्यात घेतल्या. डॉक्टर तपासलेच गेले नाहीत. शेवटच्या पानावर कलम २४८(१) खाली चारही आरोपींची निर्दोष मुक्तता. तडजोड हा शब्द कुठेच नाही. मी तो फॉर्मवर लिहिणार होतो.

पण एक घोळ आहे. आरोपी क्रमांक ४ म्हणून माझं नाव बरोबर, वय १९ बरोबर, आडनाव बरोबर. मधलं नाव मात्र वडिलांचं नाही, थोरल्या काकांचं आहे. कागदावर मी काकांचा मुलगा झालोय. आता?

नक्कल_खिडकी

घाबरू नका, अशी मुलं आम्ही पुष्कळ दत्तक दिली आहेत.

चूक कुठे जन्मली ते आधी बघा. दोषारोपपत्राची नक्कल घेतली असेल तर त्यात तुमचं नाव कसं आहे? तिथे बरोबर आणि फक्त निकालपत्रात चूक असेल, तर ती टायपिंगची चूक झाली. लेखनातली चूक दुरुस्त करायची मुभा कोर्टाला आहे. जुनं कलम ३६२, आता ४०३. त्याच कोर्टात साधा अर्ज, सोबत आधार आणि दहावीचा दाखला. यासाठी मात्र वकील घ्या, साहेबांपुढे उभं राहून बोलावं लागतं.

फिर्यादीपासूनच चूक असेल तर सगळे कागद तीच चूक वाहत आलेत, मग निकालपत्र एकटं दुरुस्त होणं अवघड. तेव्हा प्रतिज्ञापत्र करा, की अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती, ती मीच. त्याला जामिनाच्या कागदाची नक्कल जोडा, त्यावर तुमची सही असणार. फॉर्मवर माहिती भरताना हा फरक स्वतःहून लिहा. पडताळणीवाल्याने शोधून काढण्याआधी आपण दाखवलेला बरा.

चौथा_आरोपी

फिर्यादीपासूनच चूक आहे. दोषारोपपत्र उघडून बघितलं, पहिल्या पानावर तेच. उद्या प्रतिज्ञापत्राला जातोय, फॉर्मची मुदत शुक्रवारपर्यंत आहे.

फिर्याद देणारे धाकटे चुलते हल्ली रोज सकाळी चहाला आमच्याच ओट्यावर असतात. आज कागद त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, काका, माझ्या बापाचं नाव तुम्हाला ठाऊक नव्हतं का? त्यांनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाले, "रागात होतो रे. ठाण्यातल्याने विचारलं हा कुणाचा, मी म्हटलं थोरल्याच्याच तालमीतला आहे."